टाक्यातल्या आजी

"आज तोंड उघडाल तर याद राखा!" मामाने निघतानाच दम भरला. "काल घंटाघरात भूत दिसलं म्हणून ओरडलात आणि माझे सगळे पाहुणे पळवलेत. आज सगळ्यांच्या मागून चालायचं, आणि गप्प चालायचं!"

"भूत नव्हतं, तर दोर हलला कसा?" गुंड्याने विचारलंच.

"गुंड्या!"

"गप्प चालतो, बाबा."

गुंड्या मामाचाच मुलगा. त्यामुळे त्याला दम सगळ्यात जास्त मिळायचा आणि लागू सगळ्यात कमी पडायचा. भिंगरी आणि तिची धाकटी बहीण सुट्टीसाठी मामाकडे आल्या होत्या. धाकटी दिवसभर भिंगरीच्या मागे मागे, म्हणून तिचं नाव पडलं होतं शेपूट.

मामा रोज संध्याकाळी पाहुण्यांना जुनं शहर पायी फिरवून दाखवायचा. गल्ल्यांत ओरडून कोणाला त्रास नको, म्हणून तो गळ्यातल्या माइकमध्ये हळू बोलायचा आणि पाहुण्यांना ते हेडफोनमधून ऐकू यायचं. हेडफोन ठेवायची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात प्रत्येक हेडफोनला वेगळा कप्पा. सहल संपली, सगळे कप्पे भरले, की मामा माणसं मोजायच्या भानगडीतच पडायचा नाही. सगळे हेडफोन आले म्हणजे सगळी माणसं आली, असा त्याचा सरळ हिशोब. फुकट्या मुलांना मात्र हेडफोन मिळायचा नाही, आणि त्यावरून शेपटीचं नाक रोज फुगलेलं असायचं.

जुनी वेस झाली, घंटाघर झालं (आज दोर मुकाट्याने लोंबत होता) आणि सगळे शेवटी जमिनीखालच्या टाक्यात उतरले. बाप रे, काय जागा होती ती! दगडी पायऱ्या संपल्यावर नुसते खांबच खांब. मध्ये फळ्यांची वाट, आणि पाऊल टाकलं की आवाज चार ठिकाणांहून परत यायचा.

"हे खांब लाकडी ओंडक्यांवर उभे आहेत," मामा सांगत होता. मुलं मागून चालायचं विसरून त्याच्या अगदी जवळ आली होती म्हणून त्यांना ऐकू येत होतं. "लाकूड सुकलं की चिरतं. म्हणून सहलीपुरतं पाणी उतरवतात आणि आपण बाहेर पडलो की पुन्हा सोडतात. ती हिरवी रेघ दिसते ना, तिथपर्यंत चढतं."

हिरवी रेघ भिंगरीच्या डोक्याच्याही वर होती.

तिच्या शेजारी जांभळी लोकरी टोपी घातलेल्या एक आजी उभ्या होत्या. एकट्याच आल्या होत्या. त्यांनी कानातून एक इवलंसं यंत्र काढलं आणि खिशात टाकलं.

"इथे नुसत्या शिट्ट्या घालतंय मेलं!" त्या हसून म्हणाल्या. मग खांबांवरची नक्षी चाचपत चाचपत त्या पार आतल्या कोपऱ्याकडे गेल्या.

थोड्या वेळाने मामा माइकमध्ये पुटपुटला, "चला, निघू या." सगळे वर आले. पटापट हेडफोन पेटीत पडले. कप्पे भरले! पाहुणे पांगले. टाक्याची राखण करणाऱ्या किल्लीवाल्या काकांनी आतले दिवे घालवले, गजांच्या दाराला कुलूप घातलं आणि भिंतीतलं मोठं लोखंडी चाक फिरवलं. खाली पाणी खळखळायला लागलं.

"ताई, मी आज सगळं ऐकलं!" शेपूट टुणटुण उड्या मारत होती. "कानातून!"

"कानातून? तुला हेडफोन कुणी दिला?"

"टोपीवाल्या आजींनी. त्यांच्या कानात आधीच एक यंत्र होतं ना, त्यावर तो बसेना. मग म्हणाल्या, तूच ऐक. मी शहाण्यासारखा परत पण ठेवला पेटीत!"

भिंगरी गर्रकन वळली. तिने गल्लीत पाहिलं, चौकात पाहिलं. जांभळी टोपी कुठेच नव्हती.

"मामा! आजी आत राहिल्यात!"

"कोण आजी? पेटी भरली की!"

"अरे, त्यांचा हेडफोन शेपटीने ठेवला! त्यांना तुझं 'चला' ऐकूच आलं नाही!"

"काल घंटाघरात भूत, आज टाक्यात आजी!" मामाने कपाळावर हात मारला. "शेपटीला हेडफोन देऊन त्या मधूनच घरी गेल्या असतील. बरेच जण कंटाळून जातात."

"नाही गेल्या! मी त्यांना खाली पाहिलंय!"

"मग हाक मारा ना. असतील तर ओ देतील," किल्लीवाले काका म्हणाले.

तिघांनी गजांना तोंड लावून गळा फाटेस्तोवर हाका मारल्या. खालून त्यांच्याच हाका परत आल्या आणि पाण्याची खळखळ. दुसरं काही नाही.

"झालं समाधान?" काकांनी विचारलं.

"त्यांचं यंत्र खिशात आहे, काका! त्यांना ऐकू येत नाही! निदान दार तरी उघडा!"

"एकदा कुलूप लागलं की साहेबांच्या हुकमाशिवाय उघडत नाही."

शेजारच्याच खोलीत टाक्याचा कारभार बघणारे साहेब चहा पीत बसले होते. त्यांनी बशीतून डोकंही वर काढलं नाही. "पेटी भरली आहे ना? मग झालं. मुलांच्या खेळापायी मी कुलपं उघडत बसू?"

गुंड्या धावत जाऊन चाकाला लोंबकळला. शेपूट त्याच्या पायाला लोंबकळली. चाक तसूभरही हललं नाही, आणि काकांनी दोघांना कान धरून बाजूला केलं.

भिंगरी गजांपाशी उभी राहिली. खाली मिट्ट काळोख. त्या काळोखात कुठेतरी आजी होत्या, आणि पाणी चढत होतं. तिच्या हातात किल्ली नव्हती, अंगात जोर नव्हता, आणि तिच्या शब्दाला कवडीची किंमत नव्हती. एवढी मोठी माणसं आजूबाजूला असून कुणाचाच उपयोग नाही! तिला रडू फुटलं.

"ताई, मी हेडफोन घ्यायला नको होता ना गं?" शेपूट मुसमुसत म्हणाली. "कप्पा रिकामा राहिला असता, तर मामाने लगेच शोधलं असतं..."

भिंगरीचं रडणं एकदम थांबलं. मामा पेटी उचलायला वाकत होता. ती झेपावली, झाकण उघडून एक हेडफोन ओढला आणि गजांमधून खाली भिरकावून दिला! खट्, खट्, खट् करत तो पायऱ्यांवरून गेला.

"अगं कार्टे!" मामा ओरडला. "साहेब, हेडफोन आत पडला!"

साहेबांचा चहा सांडला. ते अनवाणीच धावत आले. "पाण्यात? कचेरीचा नवा कोरा संच! अहो, बघताय काय? चाक बंद करा! कुलूप काढा! दिवे लावा!"

"हुकूम..." काका म्हणाले.

"अहो, हाच हुकूम!"

खळखळ थांबली, कुलूप निघालं, दिवे लागले. साहेब पायऱ्यांवर हेडफोन शोधत बसले आणि तिन्ही मुलं त्यांना ओलांडून सुसाट खाली पळाली. फळ्या पाण्याखाली गेल्या होत्या.

"मागे व्हा!" मामा ओरडला. आता मात्र त्याचा आवाज वेगळाच होता. त्याला पार आतल्या कोपऱ्यात, खांबाला मिठी मारलेली जांभळी टोपी दिसली होती!

तो तसाच पाण्यात शिरला आणि कमरेइतक्या पाण्यातून आजींना पाठीवर घेऊन आला. त्यांचे ओठ निळे पडले होते. वर आल्यावर गुंड्याने आपला स्वेटर काढून त्यांच्या अंगावर घातला. शेपटीने त्यांच्या खिशातलं यंत्र काढून हातात दिलं.

"मी हाका मारत होते गं," यंत्र कानात बसवत आजी म्हणाल्या. "पण आवाज निघतोय की नाही, तेच कळेना. किती घाबरले होते मी!"

"शाबास, पोरी! कमाल केलीस!" साहेब भिंगरीची पाठ थोपटायला लागले. त्यांच्या दुसऱ्या हातात हेडफोन होता. "आणि नशीब बघ, हाही चालू आहे!"

भिंगरी त्यांच्या हाताखालून बाजूला सरकली.

"मामा, आजी आत आहेत म्हटलं तेव्हा तुम्ही कुणी दार उघडलं नाहीत. हेडफोन पडल्यावर उघडलंत. असं का रे?"

साहेबांचा हात हवेतच राहिला. किल्लीवाले काका कुलूप पुसायला लागले. मामा निथळत पायरीवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले.

"चुकलो," तो म्हणाला. "तुम्ही तिघं नसता तर..." त्याने तिघांनाही ओल्या अंगाने जवळ ओढलं.

"यांना नंतर कुरवाळा," आजी म्हणाल्या. "माझे दात वाजताहेत. मला घरी कोण सोडतंय?"

मुलांनी हात वर केले. साहेबांनीही केला.

पण आजींचा हात मामाने धरला, आणि त्यांच्या दारापर्यंत सोडला नाही.