एकशे अठ्ठ्याण्णव सामने

बुधवारी सकाळी दहा ते अकरा कोमट पाण्याचा तलाव फक्त माझ्या वर्गातल्या बायकांचा असतो. चौदा जणी, त्यातली सगळ्यात लहान अडुसष्ट वर्षांची. बाहेर मेलबर्नच्या जूनमधला गारठा आणि तिरका पाऊस, आत वाफ आणि क्लोरीनचा वास. मी काठावरून ओरडत होते, "गुडघे वर! मान सैल!" आणि तेवढ्यात एक उंच माणूस कठडा धरून, एकेक पाय जपत पाण्यात उतरला.

"ए, बोर्ड वाचता येत नाही का?" मी म्हणाले.

त्याने बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वाचला. पण आमच्या फुटबॉल क्लबचा तलाव दुरुस्तीला काढलाय, आणि मला गुडघ्यासाठी रोज अर्धा तास पाण्यात चालायला सांगितलंय. मी आपला कोपऱ्यात चालेन... कुणाला दिसणारसुद्धा नाही."

सहा फूट चार इंचांचा माणूस कुणाला दिसणार नाही म्हणे! मला हसू आलं, ते मी दाबलं.

"मला दिसला!" पहिल्या रांगेतून बेरिल नॅपर गरजल्या. वय एक्याऐंशी, आणि नवव्या वर्षापासून त्याच क्लबच्या सभासद. "हा जॅरड टोहिल. एकतीस नंबर. काय रे, गेल्या हंगामातल्या शेवटच्या सामन्यात गोलसमोर तीस पावलांवरून चेंडू मारलास, तो कुठे गेला?"

"पार्किंगमध्ये, मॅडम."

"मग गुडघा आत्ता दुखतोय हे मला सांगू नकोस. तो तेव्हाच बिघडला होता."

चौदा जणी खदखदून हसल्या. तोही हसला. हसताना त्याच्या मोडून जुळलेल्या नाकाला एक बाक यायचा. मी म्हणाले, "थांबायचं असेल तर वर्गाबरोबर करायचं. शेवटच्या रांगेत."

"हो, टीचर."

"रूला."

"हो, रूला टीचर."

तीन आठवड्यांत क्लबचा तलाव दुरुस्त झाला. ते मला बेरिलबाईंकडून कळलं. त्याने काही सांगितलं नाही, बुधवारी येत मात्र राहिला. चौथ्या बुधवारी मी त्याला समोरच्या कॅफेत गाठलं.

"तुमच्या तलावात पाणी नाही का?"

"आहे. पण तिथे कुणी ओरडत नाही माझ्यावर."

"प्रशिक्षक ओरडत नाहीत?"

"ओरडतात ना. पण त्यांचे केस तुझ्याइतके छान नाहीत..." एवढं बोलून तो स्वतःच कानापर्यंत लाल झाला आणि कॉफीत साखर ढवळत बसला. साखर त्याने घातलेलीच नव्हती.

मी विचारलं, "हे तुमच्या संघात सगळ्यांनाच शिकवतात की तुझं खास आहे?"

"माझं खास. म्हणून तर अकरा वर्षं एकटा आहे."

अकरा वर्षं. अठराव्या वर्षी क्लबने निवडलं, तेव्हा तो वॉर्नांबूलजवळच्या दुभत्या गाईंच्या गोठ्यांतून थेट मेलबर्नला आला. दोन्ही गुडघ्यांच्या मिळून तीन शस्त्रक्रिया. एकशे शहाण्णव सामने. दोनशे झाले की खेळाडूला सोबती खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर आणतात. एवढं सांगून झाल्यावर तो पुढचं उगाच सहज बोलल्यासारखं बोलला, "चारच राहिलेत गं. नाव मोठं नाही माझं. पण दोनशे झाले तर... फुकट गेलं नाही असं वाटेल."

आमच्या घरात दुसरा क्लब चालतो. माझे बाबा, कारिदिस घराण्याचे कर्ते, त्याच्या क्लबचं नावही जेवताना काढू देत नाहीत. तरी ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी मी बेरिलबाईंच्या शेजारी, त्यांचाच मफलर गळ्यात घालून बसले होते. जॅरड परत मैदानात आला होता. दोन जणांच्या खांद्यांवरून उडी घेऊन त्याने, आमच्या इथल्या फुटबॉलमध्ये घेतात तसा, चेंडू हातांत झेलला तेव्हा मी किंचाळले.

"अगं पोरी," बेरिलबाई म्हणाल्या, "तू चेंडूसाठी ओरडलीस की त्याच्यासाठी?"

"चेंडूसाठी."

"चेंडू मघाच पुढे गेला."

त्या संध्याकाळी नदीकाठाने चालताना त्याने माझा हात धरला. विचारलं वगैरे नाही. मी म्हणाले, "तळवा खरखरीत आहे तुझा." तो म्हणाला, "परत देऊ का तुझा हात?" मी म्हणाले, "राहू दे."

एकशे अठ्ठ्याण्णवाव्या सामन्यानंतरच्या बुधवारी मी वर्गाला तोल सांभाळायचा व्यायाम दिला. एका पायावर उभं राहायचं, डोळे मिटायचे, वीस आकडे मोजायचे. चौदा जणी बगळ्यांसारख्या उभ्या राहिल्या. जॅरड चारच्या आकड्याला हलला, सहाला कलंडला आणि धपकन पाण्यात गेला. सगळ्या हसल्या. तो वर आला, तोही हसला. पण त्याचा हात कठडा शोधत होता, आणि कठडा होता दुसऱ्या बाजूला.

वर्ग संपल्यावर मी त्याला बाकावर बसवलं.

"डोक्याला कधी लागलं?"

"कुठे काय..."

"जॅरड."

तो टॉवेलकडे बघत राहिला. "शनिवारी. शेवटच्या मिनिटात कुणाचा तरी गुडघा बसला. कॅमेऱ्यात आलं नाही. खांदा दुखतोय म्हणून सांगितलं मी."

"आणि आता?"

"डोकं दुखतं. उजेड सहन होत नाही. काल घरी जाताना... माझाच रस्ता मला आठवेना. दहा मिनिटं गाडी बाजूला लावून बसलो होतो."

"याआधी किती वेळा लागलंय?"

"नोंदवलेलं चार वेळा."

न नोंदवलेलं किती वेळा, हे मी विचारलं नाही.

"डॉक्टरांना सांग."

"सांगितलं की नियमाने बारा दिवस बाहेर. हंगामाचे दोनच सामने उरलेत. करार संपतोय, पुढच्या वर्षी मला कुणी घेणार नाही. रूला, दोनच! मग तू म्हणशील त्या डॉक्टरांकडे येतो."

"पुढचा मार शेवटच्याच सामन्यात बसला तर? तुला माझं नाव तरी आठवेल का?"

"तू घाबरवतेस मला."

"मीच घाबरलेय."

तो उठला. आवाज चढला नव्हता, पण चेहरा दार लावल्यासारखा झाला होता. "तुला काय कळणार? तू कधी काही एवढं जवळ आलेलं सोडलंयस?"

मी म्हणाले, "शुक्रवारपर्यंत तू सांग." तो टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेला. बेरिलबाई कपडे बदलून कधीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. त्यांचा चष्मा वाफेने भरला होता, पण त्यांनी तो पुसला नाही.

शुक्रवारी दुपारी रेडिओवर संघ जाहीर झाला. त्यात त्याचं नाव नव्हतं. आठवड्याने क्लबने कळवलं, तीन तज्ज्ञांनी तपासलं, जॅरड टोहिल यापुढे खेळणार नाही. बुधवारी वर्गात कुणी हसलं नाही. त्याचा फोन नाही, निरोप नाही. मी दोनदा संदेश लिहिला आणि दोनदा पुसला. त्याला सगळ्यात प्रिय गोष्ट सोडायला लावली होती मी. आता कुठल्या तोंडाने "कसा आहेस" विचारणार?

क्लबच्या घोषणेनंतर अकराव्या दिवशी त्याचाच फोन आला. "शनिवारी मोकळी आहेस?"

याराव्हिल उपनगरातल्या छोट्या मैदानावर स्थानिक संघांचा सामना होता. बारीक पाऊस भुरभुरत होता, गवतावर चिखल होता, सॉसेज भाजल्याचा वास येत होता. तो कुंपणाच्या बाहेर उभा होता, टोपी पुढे ओढून.

"नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून कुंपणाच्या या बाजूला उभा राहिलो नव्हतो," तो म्हणाला. "इथे हातांचं काय करतात गं? मला सुचतच नाहीये."

मी त्याचे हात उचलून कुंपणावर ठेवले. मग आम्ही सामना बघू लागलो.

"खूप राग आला होता तुझा," तो म्हणाला. "दहा दिवस."

"माहीत आहे."

"मी सांगितलं नसतं तर तू सांगितलं असतंस?"

आता खोटं बोलून चालणार नव्हतं. "गुरुवारीच फोन केला होता मी क्लबला. कुणी उचलायच्या आत ठेवून दिला. शुक्रवारी पुन्हा लावायला घेतला, तेवढ्यात रेडिओवर ऐकलं."

"म्हणजे सांगितलंच असतंस."

"हो."

"आणि मी पुन्हा कधी तुझ्याशी बोललो नसतो."

"तेही माहीत होतं. तू कुठेतरी धडधाकट असतास, मला शिव्या घालत. चाललं असतं मला."

मैदानावर कुणीतरी गोल मारला. कुंपणाभोवती लावलेल्या प्रेक्षकांच्या गाड्यांचे भोंगे वाजले. त्याने तिकडे पाहिलंही नाही.

"एवढं माझ्यावर प्रेम करतेस?"

"मग? पोहायला शिकवण्यासाठी आले का मी इथे?"

तो हसला, नाकाला तोच बाक आला, आणि डोळे मात्र भरले होते. "मीही करतो, रूला. खूप... पहिल्या दिवसापासून. तू बोर्डावरून ओरडलीस ना, तेव्हापासून."

मग त्याने कुंपणावरचे आपले दोन्ही मोठे हात काढले आणि माझा गारठलेला चेहरा त्यांत धरला. सामना शेवटी कोण जिंकलं, ते आम्हा दोघांनाही माहीत नाही.