जाळी उमटलेली फुलदाणी

मी आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केली. काही बिघडलं की आधी कारण शोधायचं, घाबरायचं ते नंतर, ही सवय अंगात मुरलेली. निवृत्त झाल्यावर मातीकाम शिकलो आणि गॅरेजमध्ये विजेची छोटी भट्टी बसवली. वहिनी म्हणाल्या, "जन्मात कधी कप विसळला नाहीत भाऊजी, आणि आता कप घडवणार?"

पण फुलदाणी मागितली ती त्यांनीच. आमचा जुना कारखाना पाडायला घेतला होता आणि त्यांना दादाची आठवण हवी होती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनींचा नवरा. त्यांनी फोटो दिला. स्टुलावर बसलेला दादा, दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंडभर हसू. मागे त्याचं प्रेस मशीन, मशीनच्या तोंडावर हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली लोखंडी जाळी.

"कारखान्यातलंही काहीतरी उमटवा," त्या म्हणाल्या. "पत्रा, नट, काहीही."

माझ्याकडे ती जाळीच होती. बारा वर्षं माळ्यावर, गोणपाटात गुंडाळून ठेवलेली.

कोपरा तुटला म्हणून मीच ती वेल्डिंगला काढली होती. शिफ्ट संपत आली होती, काम उद्यावर ढकललं. दादाने विचारलं तेव्हा म्हणालो, "चालव रे, एका दिवसाने काय होतंय?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा उजवा हात मशीनमध्ये गेला. चौथ्या दिवशी दादा गेला. चौकशीत मी सांगितलं, जाळी त्यानेच काढली असणार, त्याला कामाची फार घाई असायची. वेळ मारून नेली. मेलेला माणूस थोडाच साक्षीला येणार होता? तेव्हापासून दादाचा विषय निघाला की वहिनी शेवटी म्हणतात, "घाई नडली हो त्यांना." मी मान डोलावतो. त्या मान डोलावण्याची मला जेवढी लाज वाटते, तेवढी खोट्या साक्षीचीही वाटत नाही.

माती लाटली, तिच्यावर जाळी ठेवली आणि वरून लाटणं दाबून फिरवलं. ठसा सुरेख उठला. खालच्या पट्टीत जुन्या पत्र्याची नक्षी घेतली. भट्टीचा भरवसा नसतो, म्हणून फुलदाण्या दोन केल्या. भाजल्या, ग्लेझचा काचेरी लेप दिला, पुन्हा भाजल्या. मग फोटो खास कागदावर छापून पाण्यात भिजवला. चित्राची पातळ साय सुटते, ती फुलदाणीवर अंगठ्याने बसवायची आणि तिसऱ्यांदा भाजायचं. शाईतलं लोह तेवढं मागे उरतं, म्हणून चित्र तपकिरी होतं.

पहिली फुलदाणी बाहेर काढली. दादा छान आला होता. मशीनवर जाळी नव्हती.

बारीक तारा जळाल्या असतील, म्हटलं. पण दादाच्या शर्टाच्या रेघा त्याहून बारीक होत्या आणि त्या सगळ्या आल्या होत्या.

दुसरी भट्टीत ठेवताना भिंग घेऊन तपासली. जाळी होती. एक एक तार मोजता आली असती. दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण उघडलं, तेव्हा नव्हती. शिवाय दादाचा डावा हात गुडघ्यावर होता आणि उजवा मागे वळून मनगटापर्यंत मशीनच्या तोंडात गेलेला होता. चेहऱ्यावर तेच हसू.

मी मूळ फोटो पाहिला. दोन्ही हात गुडघ्यांवर.

मग फळीवरची पहिली फुलदाणी खाली घेतली. तिच्यातही उजवा हात आत होता. आदल्या दिवशी तो बाहेर होता, हे मी शपथेवर सांगतो. माझ्या शपथेला किंमत किती, ते सोडा.

दोन्ही फोडून टाकाव्यात म्हणून हातोडी घेतली, तेवढ्यात दारात वहिनी.

"झाली का हो?" त्यांनी दुसरी फुलदाणी उचलून उजेडात धरली. "अगदी तसेच आलेत." त्यांचा अंगठा जाळीच्या ठशावरून फिरला, मग चित्रावरून. मशीनच्या तोंडापाशी थांबला. त्या हळूच म्हणाल्या, "घाई नडली."

या वेळी मान हलली नाही.

"वहिनी, जाळी त्याने नव्हती काढली. मी काढली होती. त्याने विचारलं, तर मीच चालव म्हणालो. चौकशीत खोटं बोललो."

त्यांनी फुलदाणी टेबलावर ठेवली आणि खिडकीपाशी गेल्या. माझ्याकडे पाठ. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

"बारा वर्षं भांडले मी त्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "रोज फोटोसमोर उभी राहून. तुम्हाला एवढी कसली घाई होती, माझा विचारसुद्धा आला नाही का, म्हणून. एक दिवस चुकवला नाही."

मला रडू आलं.

पाण्याचा आवाज थांबला.

"भाऊजी," वळून न बघता त्यांनी विचारलं, "आता तरी त्यांनी हात बाहेर काढला का?"

मी त्यांना हाताबद्दल अवाक्षरही बोललो नव्हतो. म्हणजे मघाशी त्यांनाही तो आत गेलेला दिसला होता.

फुलदाणीकडे पाहिलं. हात कोपरापर्यंत आत गेला होता.

"हो," मी म्हणालो. "काढला."