रिकाम्या जागेतला चेहरा

विश्वास ठेवा, नका ठेवू. पदरचं काही घालून सांगत नाही.

गेल्या वर्षी, मंगळवारची भर दुपार. संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावरची माझी खोली. मी जुनी चित्रं दुरुस्त करतो.

चित्र होतं एका हरलेल्या लढाईनंतरचं. चिखलात पडलेले सैनिक, आणि त्यांच्यात कंदील घेऊन आपल्या मुलाला शोधणारी एक बाई. अगदी पुढच्या सैनिकाच्या चेहऱ्याचा रंग पोपडे धरून गळून गेला होता.

आमच्या कामात एक नियम आहे. जे गेलं, ते मनाने रंगवायचं नाही. साधा मातकट रंग भरायचा आणि गप्प बसायचं.

मला अवदसा आठवली.

धाकट्या भावाला बोलावलं आणि जमिनीवर आडवं केलं.

"मेल्याचं सोंग ना, दादा? ऑफिसात रोज घेतो," तो हसत म्हणाला.

संध्याकाळपर्यंत त्याचा चेहरा त्या सैनिकाला बसला. हुबेहूब. मी जाम खूश होतो.

बुधवारी सवयीने मापं घेतली. कंदील ते चेहरा… आठ सेंटिमीटर.

वहीत माझ्याच अक्षरात अकरा लिहिलं होतं.

मोजण्यात चुकलो असेन, म्हणून पट्टी ठेवायला वळलो. आणि पाठीमागे…

किर्र… किर्र…

कंदिलाची कडी हलावी तसा आवाज.

खोलीत कंदील नव्हता.

पुन्हा मोजलं. पाच.

बाई आता इतर कोणाकडेच बघत नव्हती. तिला तिचा मुलगा सापडला होता.

आमचे रंग मुद्दाम पुसता येतील असेच असतात. कापसाचा बोळा भिजवला आणि भावाच्या डाव्या डोळ्यावरून फिरवला.

फोन वाजला. धाकटा.

"दादा… कुणीतरी तोंडावरून ओलं काहीतरी फिरवतंय रे. डाव्या डोळ्याने दिसत नाहीये!"

बोळा फेकला. घाईने डोळा परत रंगवला.

"हां… दिसतंय आता," तो म्हणाला. "काय होतं हे?"

"येतो, मग सांगतो," म्हणून फोन ठेवला. पुसता येईना, ठेवता येईना. माझीच करणी. त्याच्याकडे जायचं म्हणून घाईघाईने चपला घातल्या.

फोन पुन्हा वाजला.

"दादा, दाराशी एक बाई आहे. हातात कंदील… एवढ्या उन्हात. मला भलत्याच नावाने हाक मारतेय. फार रडतेय रे. ओ देऊ का?"

"नको!" मी जिवाच्या आकांताने ओरडलो.

फोन कट झाला होता.

चित्रात आता बाई नाही. सैनिकाच्या उशाशी नुसता कंदील ठेवलेला आहे.

धाकटा धडधाकट आहे. कामाला जातो, पोटभर जेवतो. आमची आई रोज त्याला त्याच्या नावाने हाक मारते.

तो ओ देत नाही.