रेकॉर्डीची दुसरी बाजू

पाव्हणं, रेकॉर्ड लावायची तर लावा, पर दुसरी बाजू लावताना दिवा जवळ घ्या. का ते सांगतो, मधी बोलू नगा.

छप्पन साली पुण्याच्या एका कंपनीचा साहेब भवानीनगरला आमच्या मळ्यात आला. त्याला जात्यावरच्या ओव्यांची रेकॉर्ड काढायची हुती. माझी बायकू कौसल्या गळ्यानं गोड. पहाटं साहेबानं जात्यापाशी मशीन मांडलं, अन् ती दळता दळता गायला लागली,

"साय सासूच्या ताटात, ताक माझ्या वाटीत..."

"खोटं हाय," माझी आई गोजरबाई आतनं बोलली.

तिची सवयच ती. सुनंनं जात्यावर गाऱ्हाणं गायचं अन् आईनं अंथरुणातनं निकाल द्यायचा. साहेब मातूर खूश. म्हनला, असू द्या, एका बाजूला हेच घालू. दुसरी बाजू पुण्यात, बंद खोलीत घेऊ.

कौसल्या मला म्हनली, "ती बाजू तरी माझी असू द्या. येकदा माझं दुक मला पुरतं सांगू द्या." दोघींच्या मधी माझं भरीत झालेलं.

पुण्याचं बोलावनं यायच्या आधीच आई गेली. दिवसकार्य उरकलं, घराला कुलूप घातलं अन् आमी पुण्याला गेलो. खोलीच्या भिंतीला गाद्या ठोकलेल्या, दार जाड, आत आमी तिघंच. कौसल्या तीच ओवी मन मोकळं करून गायली. कुनी हूं का चूं केलं न्हाय. मग साहेबानं मशीन मागं फिरवून ऐकवलं.

"...ताक माझ्या वाटीत..."

"खोटं हाय."

माझं धोतर सुटायचंच काय ते बाकी हुतं. साहेबानं दाराभाईर बघितलं, गाद्यांमागं बघितलं, माझ्या तोंडाकडं बी बघितलं. परत गायला लावलं. परत तेच, त्याच ठसक्यात.

"आता शेवटचं," साहेब घाम पुसत म्हनला. "नाही जमलं तर रेकॉर्ड रद्द."

कौसल्याचं डोळं भरलं. "मेल्यावर बी बोलू देत न्हाईत," म्हनली. मग पदर खोचला अन् चरफडतच गोड गोड गायली,

"सासू नव्हं बाई, मायेची सावली,
म्हायेर इसरले, अशी ती माऊली."

मशीन फिरलं. ओवी सरली, कुनी बोललं न्हाय. साहेबानं देवाला हात जोडलं. तेवढ्यात... लई बारीक आवाजात...

"...खोटं हाय."

कौसल्या आधी हसली, मग तितंच बसून रडली. जित्तेपणी आईनं येवढं कदी कबूल केलं नव्हतं. साहेब म्हनला, असू द्या, दुसऱ्या बाजूला हेच घालू.

सांजचं घरी आलो. कुलूप मीच काढलं. चुलीत राख गार पडलेली. फळीवर कौसल्याची ताकाची वाटी हुती, तिच्यात काठोकाठ साय.

"तुमी ठेवली?"

"न्हाय... मी कशाला?"

तिनं भीत भीत बोट बुडवलं. साय कोमट हुती.