सहभागी क्रमांक सतरा

माणसाच्या मनाचा तळ आकड्यांना कधीच लागत नाही. तो गाठायचा तर माणसासमोर बसावं, शांतपणे ऐकावं, आणि आपण स्वतः मध्ये येऊ नये.

अनासेइनीच्या प्रबंधाची ही सुरुवात. ती तिने सोमवारी लिहिली. गुरुवारी ती मध्ये आली.

दोष पावसाचा. ऑस्ट्रेलियात फळं तोडायला जाऊन टोंगातल्या वावाऊ बेटावर परतलेल्या माणसांच्या मुलाखती ती घेत होती. त्या दिवशी नेइआफूच्या धक्क्याजवळ राहणाऱ्या कितिओनेची पाळी होती. कितिओने घरी नव्हता. पावसाची सर मात्र वेळेवर आली. अनासेइनी आणि तिची आत्या धावत शेजारच्या पडवीत शिरल्या. तिथे एक तरुण होडीचं इंजिन उघडून बसला होता.

“कितिओने कुठे गेलेत?”

“समुद्रावर. मी आहे… चालेल?”

“तुम्ही फळं तोडायला गेला होतात?”

“तीन हंगाम. सफरचंदं.”

“मग चालेल.”

हाताशी आलेल्या माणसाला संशोधनात सोयीचा नमुना म्हणतात. मेलेनाइते आत्याने सोयीच्या नमुन्याचे खांदे पाहिले आणि म्हणाली, “सोय बरी आहे.”

आत्या प्रत्येक मुलाखतीला असायचीच. लग्न न झालेली मुलगी परक्या पुरुषासमोर एकटी बसली असती, तर रेकॉर्डर बंद व्हायच्या आत बातमी अख्ख्या बेटावर पोचली असती. आत्या केवड्याच्या पात्यांची चटई विणत कोपऱ्यात बसे आणि मान वर न करता सगळं ऐके. त्यामुळे ‘परत का आलात?’ या प्रश्नाला आतापर्यंत सोळा पुरुषांनी आत्याकडे बघत एकच उत्तर दिलं होतं: आईसाठी आणि चर्चसाठी. अनासेइनीकडे सोळा आदर्श पुत्र जमले होते, आणि त्यांच्यावर एक पानही लिहिता येत नव्हतं.

सतरावा हा तरुण, सेमिसी. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तिथे झाडं रांगेत उभी असतात. सगळी एका उंचीची. दुपारी ज्याच्याखाली आडवं व्हावं, असं एकही झाड ओळखीचं वाटत नाही.”

अनासेइनीचं पेन थांबलं. कितीजण गेले, कितीजण आले, हे सरकारी कचेरीत कोणीही सांगितलं असतं. पण ओळखीचं झाड? हे कुठल्या रकान्यात मावलं असतं?

ती पुन्हा गेली. आणि पुन्हा. दर वेळी त्याचं उत्तर वेगळं. “तिकडे मला सॅम म्हणायचे. त्या सॅमला मी ओळखत नाही.” एकदा नुसतंच, “निरफणस.” तिचं तिसरं प्रकरण या एका माणसावर उभं राहिलं. ती स्वतः मात्र घरी बसली की उठे, उठली की रेकॉर्डर लावे. मुलाखत शब्दशः उतरवायची तर बोलण्यातले विरामही सेकंदात मोजून लिहावे लागतात. बाकीच्यांचे दोन, फार तर तीन. सेमिसीचे नऊ, अकरा. विचारांची खोली, असं तिने समासात लिहिलं… आणि तोच भाग चौथ्यांदा ऐकला.

“यात तूच जास्त बोलतेस,” आत्या म्हणाली.

“समोरच्याला मोकळं करावं लागतं, आत्या.”

“तो झालाय मोकळा. तुझं काय?”

नवा हंगाम तोंडावर आला. शुक्रवारपर्यंत जाणाऱ्यांनी यादीत नाव द्यायचं होतं. बुधवारी अनासेइनी लिहिलेली मुलाखत घेऊन सेमिसीकडे गेली. बोलणाऱ्याने ती तपासायची, असा नियम असतो. नियम होता म्हणूनच गेली.

सेमिसीने तेलकट बोट ओळींवरून फिरवलं. “हे काय? ‘विराम, अकरा सेकंद’?”

“तेवढा वेळ तुम्ही विचार करत होतात.”

“नाही.”

“मग?”

“तुमच्याकडे बघत होतो.”

कोपऱ्यातली चटई थांबली.

“दुरुस्त करा ना,” सेमिसी म्हणाला. “चुकलं असेल तर सांगा, असं तुम्हीच म्हणालात.”

“असं… असं लिहीत नाहीत. आणि हा खालचा, नऊ सेकंदांचा?”

“तो माझा नाही. मी उत्तर दिलं होतं. पुढचा प्रश्न तुम्ही विचारत नव्हतात.”

अनासेइनीने कागद ओढून घेतला. तेलाचा ठसा तिच्या अंगठ्यावर उमटला.

“परवा नाव द्यायचंय,” तो हळूच म्हणाला. “देऊ?”

“मला नका विचारू! मी थांबा म्हटलं, तर तुम्ही थांबण्याचं कारण मीच होईन. मग तुमची मुलाखत मला वापरता येणार नाही. तिसरं प्रकरण तुमच्यावर उभं आहे, सेमिसी. दोन वर्षं घातलीत मी यात…”

“म्हणजे एक तर प्रकरण, नाही तर मी.”

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. तिने इंजिनाकडे पाहिलं, धक्क्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहायचं टाळलं. ते काही जमलं नाही.

“अकरा सेकंद झाले,” आत्या म्हणाली.

“नको देऊस,” अनासेइनी म्हणाली.

त्याच दुपारी तिने ऑकलंडच्या मार्गदर्शक बाईंना दीड पानांचं पत्र पाठवलं: सहभागी क्रमांक सतराविषयी मी तटस्थ राहिलेले नाही, त्याच्या मुलाखती वगळाव्यात, तिसरं प्रकरण कोसळेल याची कल्पना आहे. शुक्रवार गेला. यादी सेमिसीच्या नावाशिवाय लागली. शनिवारी त्याने आत्याला एक मोठा मासा आणून दिला आणि दोन तास तिच्याशीच बोलला. अनासेइनी बाईंच्या उत्तरासाठी दर थोड्या वेळाने फोन बघत होती.

सोमवारी बाईंचं उत्तर आलं. सतरा क्रमांक काढून त्यांनी प्रकरण पुन्हा वाचलं होतं. ते उरलेल्या सोळांवरही उभं होतं; निष्कर्षात काहीही फरक पडत नव्हता.