रिकाम्या कुपीतला श्वास

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण हसू नका. हे माझ्या मावसबहिणीच्या, भक्तीच्या बाबतीत घडलंय. गेल्या वर्षीची नारळी पौर्णिमा, मिठबाव, दुपारचे साडेतीन. हो, दुपारच. भुतं काय घड्याळ बघून येतात?

गावातल्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात तिच्या सरांनी छोटी प्रयोगशाळा थाटली होती. जुनी बर्फखोली ही भक्तीची कामाची जागा. हातभर जाड भिंती, खिडकी नाही, आणि दाराची कडी फक्त बाहेरून.

सगळा गाव समुद्रावर नारळ सोडायला गेलेला. भक्तीला मात्र संध्याकाळपर्यंत आकडे सरांना पाठवायचे होते. हट्टी आहे आमची भक्ती.

काम तिसऱ्यांच्या, म्हणजे खायच्या शिंपल्यांच्या, पेशींवर. पेशी बंद कुपीत ठेवायच्या. त्या श्वास घेतात, प्राणवायू घटतो, लॅपटॉपवर रेघ उतरते. मग बारीक सुईने ऑलिगोमायसिन सोडायचं. मातीतल्या जिवाणूंपासून मिळणारं हे औषध पेशीतली शक्तीची चक्की अडवतं. रेघ जवळजवळ आडवी होते.

शेजारच्या कुपीत नुसतं खारं पाणी, तुलनेसाठी. तिथे काहीच घडायला नको.

बाहेरच्या उकाड्याने आकडे हलत होते, म्हणून तिने दार ओढून घेतलं.

आणि पाण्याच्या कुपीची रेघ... उतरू लागली.

तिने पाणी बदललं. कुपी धुतली. झाकण तपासलं.

रेघ पुन्हा उतरली. संथ... झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी.

भक्ती चिडली. तिने त्याही कुपीत ऑलिगोमायसिन सोडलं.

रेघ आडवी झाली.

त्याच क्षणी खोलीतला एक आवाज थांबला. सकाळपासून ती त्याला एसीची घरघर समजत होती. एसी तर चालूच होता...



तेवढ्यात बाहेरून झाडलोट करणाऱ्या हौसाबाईंची हाक आली. कारखाना चालू होता तेव्हापासूनची रीत होती, हाक मारायची, आतून जाप, म्हणजे उत्तर, आलं नाही तरच कडी लावायची. एकदा गंगाराम नावाचा कामगार आत राहून गुदमरून मेला होता म्हणे.

"आत कोण आसा गो?"

"मी आसंय, काकी! थांबा!"

खट्. कडी पडली. मेन स्विचही बंद झाला.

मिट्ट काळोख. लॅपटॉपचा तेवढा निळा उजेड. मोबाईलला रेंज नाही. भक्ती दारावर बुक्के मारत ओरडत राहिली. आतली हवा किती पुरेल, याचा हिशेब तिच्याइतका कोणाला कळणार?

मागे वळून पाहिलं...

आडवी रेघ उभी कोसळत होती. आणि मानेजवळ कोणीतरी भराभरा श्वास ओढत होतं, हवा संपत आलेल्या माणसासारखा.

अर्ध्या तासाने दार उघडलं. भक्ती हौसाबाईंच्या अंगावरच पडली.

"तुज्या सपाता भायर दिसल्यो, म्हणान परत इलंय," हौसाबाई म्हणाल्या.

"काकी, मी 'मी आसंय' म्हणून ओरडले, तरी कडी का लावलीत?"

हौसाबाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं.

"माका भायरसूनच जाप इली गो. 'कोण नाय, काकी.' तुज्याच आवाजात."

भक्ती शपथेवर सांगते, ती अर्धा तास जीव खाऊन ओरडत होती.

पण मी त्याच संध्याकाळी तिला भेटलो. तिचा घसा जराही बसला नव्हता. मग तो अर्धा तास तिचा आवाज कोणाकडे होता?