दार ओढून घे

मामांचं पोट हा घरातला सार्वजनिक विषय होता. भाचा पोटाचाच डॉक्टर निघाल्याने त्या विषयाला तज्ज्ञही मिळाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर तुंबली होती. अडलेलं रक्त आडवाटेने जठराच्या भिंतीत शिरलं आणि तिथल्या शिरा फुगल्या. त्यातली एक गेल्या आठवड्यात फुटली आणि मामांना घरच्या बेसिनमध्ये रक्ताची उलटी झाली; तेव्हापासून मामी त्या बेसिनमध्ये हात धूत नव्हत्या. ती पुन्हा फुटली तर मामा गेले, हे डॉक्टरला ठाऊक होतं. मामांनाही.

"म्हणजे तू घशातून आत जाणार?" टेबलावर कुशीला वळत मामांनी विचारलं.

"मी कशाला? दुर्बीण जाणार. तिच्या टोकाला सोनोग्राफी असते. शीर दिसली की सुईतून धातूचं वेटोळं सोडायचं, त्यावर गोंद. झाली बंद."

"बरं. येताना दार ओढून घे म्हणजे झालं."

सिस्टर हसल्या. मामांना गुंगी चढली.

पडद्यावर शीर सापडली. राखाडी भुरभुरीत काळी पोकळी, आणि तिच्यात, वाहत्या रक्ताला यंत्र देतं तो लाल-निळा रंग उसळत होता. सुई टोचण्याआधी रंग बंद करून भिंत नीट बघून घ्यायची, ही डॉक्टरची सवय. त्याने रंग बंद केला.

भिंती चार होत्या. मधे टेबल, टेबलावर कुणीतरी आडवं. त्यावर एक जण वाकलेला, पाठमोरा.

सोनोग्राफीत काय वाट्टेल ते दिसतं. त्याच्या एका मित्राला तर पित्ताशयात सासरे दिसले होते. डॉक्टरने मान डावीकडे कलवली.

पाठमोऱ्यानेही कलवली.

"सिस्टर, काय दिसतंय?"

"शीर, सर. चांगली ऐसपैस आहे." त्यांनी वेटोळ्याची तार पुढे केली. "सोडायचं ना? आणखी फुगतेय."

आतल्या खोलीत दोघंच होते. आपल्या खोलीत तिघं आहेत, एवढाच डॉक्टरला धीर. तिथे दार एकच होतं, उजव्या कोपऱ्यात. इथल्यासारखंच. थांबलो तर मामा जातील. सोडलं तर... हे वाक्य काही त्याला पुरं करता येईना.

"सर?"

त्याने सोडलं. वेटोळं नेमकं त्या दाराच्या कोपऱ्यात जाऊन उलगडलं. मागोमाग गोंद. रंग लावून पाहिला. लाल नाही, निळा नाही. मामा वाचले.

दुर्बीण बाहेर आली. "मामींना सांगून येते," म्हणत सिस्टर गेल्या. दार त्यांच्यामागे लागलं.

खोलीत दोघं उरले.

डॉक्टर हातमोजे काढून दाराशी गेला. मूठ फिरली, दार हललं नाही. त्याने फटीवरून बोट फिरवलं. तिच्यात काहीतरी ओतलेलं होतं, आता दगड झालेलं. पलीकडे पावलं नाहीत, बोलणं नाही. नुसती एक ओली सळसळ, थांबत थांबत.

त्याने दार ठोठावलं.

टेबलावर मामा कळवळले. डोळे मिटलेलेच; हात पोटावर गेला.

त्याने पुन्हा ठोठावलं. अगदी हळू.

"नको रे," गुंगीतच मामा म्हणाले. "आतून ठोकू नकोस. दुखतं."